निघोजचे रांजणखळगे : कुकडीने एवढा टणक कातळ कोरला कसा?

चालतीवाट :

मागच्या रविवारी निघोजला जाऊन आलो. पुण्यात इतकी वर्षं राहतोय, नगर रोडने शेकडो वेळा गेलो असेन, रांजणगावच्या गणपतीला तर दरवर्षी जातो, पण शिरूरवरून आत वळणं कधी झालंच नव्हतं. यावेळी लेकीच्या भूगोलाच्या पुस्तकात रांजणखळग्यांचं चित्र आलं आणि ती म्हणाली बाबा हे आपल्या इतक्या जवळ आहे मग आपण पाहिलं का नाही, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून सकाळी सहाला चौघं गाडीत बसलो.

गाडी लावून मळगंगेच्या देवळापासून खाली उतरलो तर आधी काही दिसतच नाही. नुसता सपाट काळा कातळ, नदीचं रुंद कोरडं पात्र, कुठेतरी वाळकं शेवाळ. आणि मग चार पावलांवर एकदम जमीन दुभंगल्यासारखी घळ. आत डोकावलं आणि आम्ही चौघंही गप्प झालो. भिंती अशा की कुंभाराने चाकावर फिरवून वर आणल्यात. काही खळगे उखळाएवढे, काही काठवटीसारखे पसरट, आणि काही इतके खोल की तळाचं हिरवं पाणी काळं दिसतं. दोन रांजणांमधली भिंत झिजून मधोमध खिडकी पडलीये, खिडकीची कमान झालीये, काही ठिकाणी कमानही पडून फक्त पातळ पातं उरलंय. हात फिरवला तर पॉलिश केलेल्या फरशीसारखं गुळगुळीत.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. हा खडक इतका टणक की घराच्या पायात आपण हाच काळा दगड घालतो, आणि पाण्याने त्याला लोण्यासारखं कोरावं? बरं कुकडी काही गंगा-ब्रह्मपुत्रा नाही, वर्षातले सातआठ महिने तर पात्रात नावाला पाणी. आणि इथेच का? पुलाच्या वरच्या बाजूला पात्र चांगलं रुंद, सपाट आहे, मग याच एवढ्या तुकड्यात नदीला असं काय झालं? कुणी जाणकार असतील तर सविस्तर लिहा, लेकीला मी नीट सांगू शकलो नाही याची रुखरुख लागलीये.

निळीशाई :

काय सुंदर वर्णन! मी लहानपणी यात्रेला गेले होते आजोळच्या लोकांबरोबर, पण तेव्हा लक्ष सगळं बांगड्या आणि रेवड्यांकडे. गर्दीत आईने हात सोडू दिला नाही म्हणून घळीच्या जवळसुद्धा जाता आलं नव्हतं. वाचनखूण साठवतेय.

सह्यभटक :

मी दोनदा गेलोय. माझ्या माहितीप्रमाणे हा ज्वालामुखीचा खडक आहे, लाव्हा थंड होताना त्यातून वायूचे बुडबुडे बाहेर पडले आणि जिथे बुडबुडे फुटले तिथे हे खड्डे राहिले. आमच्या ट्रेक लीडरने असंच सांगितलं होतं. पाण्याने फक्त नंतर गुळगुळीत केले असावेत. नाहीतर पाण्याने एवढा दगड कापणं मलाही पटत नाही.

खडकवेडी :

सह्यभटक, हा समज खूप ठिकाणी ऐकायला मिळतो आणि त्यात थोडासा धागा खरा आहे म्हणून तो टिकतो. लाव्हात वायू असतो, तो बाहेर पडताना पोकळ्या राहतात हे अगदी बरोबर. पण त्या पोकळ्या वाटाण्याएवढ्या, बोराएवढ्या, फार तर मुठीएवढ्या वगैरे असतात. पुढे त्यांत पाणी झिरपून झिओलाईट, गारगोटी, अकीक असं काय काय भरतं. आपल्याकडे विहीर खणणारे लोक अशा ठिपक्याठिपक्यांच्या मऊ दगडाला मांजऱ्या म्हणतात. माणूस उभा मावेल असा बुडबुडा, तोही तळापर्यंत उभा आणि रांगेत एकाशेजारी एक, असं लाव्हात होत नाही. शिवाय बुडबुड्याची भिंत खरखरीत असते. निघोजच्या भिंतीवर जिथे ऊन तिरपं पडतं तिथे नीट बघितलं तर आडव्या, किंचित तिरक्या फिरत खाली गेलेल्या खाचा दिसतात. ते फिरत्या पाण्याचं हस्ताक्षर आहे, दुसऱ्या कशाने ते उमटत नाही.

आता चालतीवाट यांच्या प्रश्नाकडे. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते आणि दर डिसेंबरात मुलांना घेऊन तिथे जाते, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी खडक. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या या भागात जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर आला, शंकूसारखा डोंगर होऊन नाही, पसरट. एक थर, तो निवला, वर दुसरा, मग तिसरा, असे कित्येक. आज उरलेला सगळा पसारा ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. जाडी सगळीकडे सारखी नाही, सह्याद्रीत एकावर एक थर मोजत गेलं तर हजारो फूट भरतात, आणि तिकडे किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर बोअर घेतलं तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट, म्हणजे हाच काळा लाव्हाचा खडक, संपून खालचा पुरातन खडक लागला. म्हणजे नगर, पुणे, लातूर, आपण सगळे या थरांच्या ढिगावर घरं बांधून बसलोय.

हे थर एकसारखे नाहीत हे महत्त्वाचं. एक थर घट्ट, एकजीव, हातोडीने वाजवला तर खणखणीत आवाज देणारा. त्याच्या खालीवर पोकळ्यांचा, ठिसूळ. कधी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा, घाटात रस्ता कापलाय तिथे तो लालभडक दिसतो. मंचर, गिरवलीच्या बाजूला तर असे थर आहेत की काळ्या खडकात पांढऱ्या लांबट स्फटिकांची नक्षी विखुरलेली दिसते. शिवाय निवताना खडक आकसतो आणि त्याला उभे सांधे पडतात. नदी वाहता वाहता अशा टणक थरापाशी येते तेव्हा अडते, पसरते, म्हणून वर तुम्हाला पात्र रुंद दिसलं. मग कुठेतरी खालच्या अंगाला पात्राला पायरी पडते, पाणी त्या पायरीवरून जोरात उतरतं, सांधे सापडतात तिथे घुसतं, आणि पायरी हळूहळू मागे मागे, उगमाच्या दिशेने सरकत जाते. सगळं पात्र न कापता मधली एक चिंचोळी पट्टीच खोल होत जाते. तुम्ही जी घळ बघितलीत ती म्हणजे ही पट्टी.

आणि ती खोल कशी होते, तर नुसत्या पाण्याने नाही. नुसतं स्वच्छ पाणी बेसाल्टला फारसं काही करू शकत नाही. पुराच्या पाण्याबरोबर वाळू, खडे, गोटे येतात. तळात एखादा सांधा, एखादी पोकळी थोडी खरवडली गेली की तिथे पाण्याचा भोवरा अडकतो, भोवऱ्यात गोटा अडकतो, आणि तो गोटा जात्याच्या पाळीसारखा गरगर फिरत बसतो. खळगा मोठा झाला की त्यात आणखी मोठा गोटा मावतो. शेजारचे दोन खळगे वाढत वाढत एकमेकांना भिडले की मधली भिंत जाते. असे शेकडो खळगे एकमेकांत मिसळले आणि त्यातूनच घळ तयार झाली. आपण घळीत खळगे आहेत असं म्हणतो, खरं तर घळ खळग्यांचीच बनलीये.

निळीशाई :

बापरे, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. एक विचारू का ताई, गोटा पण त्याच खडकाचा असेल ना? मग तो स्वतः झिजणार नाही का? दोघं सारखेच टणक असतील तर दोघंही सारखेच झिजायला हवेत.

खडकवेडी :

झिजतो ना! म्हणूनच तो गोल होतो. तळात जे अंड्यासारखे, लाडवासारखे गोटे मिळतात ते झिजून झिजून तसे झालेत, काही पार संपतात, आणि पुढच्या पुरात नवे येतात. नदीला हत्यार दरवर्षी नवं मिळतं पण कातळ तोच राहतो, म्हणून शेवटी कातळ हरतो. शिवाय त्या मांजऱ्या खडकातून सुटलेल्या गारगोट्या आणि अकीक बेसाल्टपेक्षा कठीण असतात, पाण्यात त्यांचा चुरा मिसळला की पॉलिश पेपरच तयार होतो.

अभ्यासकांमध्ये यावर वाद पण आहे. बरेच जण म्हणतात की मोठे गोटे तळात नुसते बसून असतात, खरं घासण्याचं काम भोवऱ्यात तरंगत फिरणारी वाळू करते. मला वैयक्तिक दोन्ही पटतं, तळ गोट्याचा आणि भिंत वाळूची असं मी मुलांना सांगते. आपल्याकडे पुणे विद्यापीठातले भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे यांनी या विषयावर पुष्कळ काम केलंय, इंद्रायणीवरच्या रांजणखळग्यांचा त्यांचा अभ्यास १९८७ चा आहे. दख्खनच्या नद्यांबद्दल एक गोष्ट त्यांच्या कामातून फार स्पष्ट होते की वर्षाचे ३६५ दिवस नदी सारखं काम करत नाही, मोठ्या पुराचे मोजके दिवस असतात आणि कातळ कापण्याचं बहुतेक काम तेवढ्यातच होऊन जातं. त्यामुळे चालतीवाट, फेब्रुवारीत कोरडी कुकडी बघून तिच्या ताकदीचा अंदाज येणार नाही.

टाकळीचाभाचा :

माझं आजोळ टाकळी हाजी, म्हणजे नदीच्या अलीकडचा, पुणे जिल्ह्यातला काठ. पलीकडे निघोज, पारनेर तालुका, नगर जिल्हा, आता अहिल्यानगर. देवी दोन्ही काठांवर आहे आणि दोन्ही गावं तिला आपलीच म्हणतात. आम्ही या जागेला रांजणखळगे कधीच म्हटलं नाही, तो शब्द शाळेत गेल्यावर कळला. आमच्यासाठी ते कुंडच. कुंडावर जाऊन येतो, एवढंच म्हणायचं. चैत्रात निघोजला मोठी यात्रा भरते, तेव्हा बारवेतून देवीची घागर आपोआप वर येते अशी आमच्याकडे श्रद्धा आहे, ती बघायला माणूस माणसाला चिकटलेला असतो.

वरती ताईंनी गोट्याला जात्याची उपमा दिली ते वाचून अंगावर काटा आला कारण आमची आजी अगदी हेच म्हणायची. आषाढ-श्रावणात रात्री पाऊस धरला आणि नदी चढली की घरात आवाज यायचा. पाण्याचा घोंघाट वेगळा आणि त्याच्या खालून येणारा आवाज वेगळा, जड, दबका, गडगड गडगड, थांबून परत. आम्ही पोरं गोधडीत घाबरून विचारायचो हे काय आहे, तर आजी म्हणायची देवी दळतीये, झोपा. मला तेव्हा ती आम्हाला गप्प करायला सांगते असं वाटायचं. आज पन्नाशी उलटल्यावर कळतंय की म्हातारीने बरोबर सांगितलं होतं, खरंच दळण चाललेलं असायचं.

आता तो आवाज क्वचित ऐकू येतो. मामा म्हणतात वर धरणं झाल्यापासून नदी गप्प झाली.

पाटबंधारेवाला :

भाचेसाहेब, मामा बरोबर बोलतात. मी या खोऱ्यात नोकरीची बरीच वर्षं काढलीत. कुकडी प्रकल्पात पाच धरणं आहेत, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. त्यातली माणिकडोह आणि येडगाव थेट कुकडीवर, बाकीची मीना, घोड आणि आर या नद्यांवर. या पाण्यावर पुणे, नगर आणि खाली सोलापूरकडचीही शेती उभी आहे, जिथे बाजरी आणि हुलगे व्हायचे तिथे ऊस, द्राक्षं, कांदा आला, त्यामुळे धरणांबद्दल वाईट बोलणं माझ्याकडून होणार नाही. आमच्या हयातीत लोकांच्या चुली पेटल्या त्या या पाण्यावर.

पण नदीच्या बाजूनेही बघायला हवं. धरण दोन गोष्टी अडवतं. एक, पुराचा जोर. पूर्वी घाटात धोधो पाऊस झाला की सगळी लाट खाली यायची, आता पहिलं पाणी साठ्यात जातं आणि धरण भरल्यावर, साधारण श्रावण-भाद्रपदात, सांडव्यावरून सोडलं जातं. दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही, ती म्हणजे गाळ. वरून येणारे गोटे, खडे, जाडी वाळू, सगळं धरणाच्या पोटात बसतं. खाली जातं ते त्यामानाने नितळ पाणी. वरती खडकवेडी मॅडमनी लिहिलंय की स्वच्छ पाणी बेसाल्टला काही करू शकत नाही. आणि खालच्या पात्रातली उरलीसुरली वाळू वर्षानुवर्षं ट्रॅक्टरने उपसली गेली. म्हणजे कारागिराचा हात पण बांधला आणि छिन्नी पण काढून घेतली. आज तिथे जे दिसतं ते जवळपास थांबलेलं काम आहे असं मला वाटतं, पूर्ण नाही, पण मंदावलेलं निश्चित.

खडकवेडी :

सर, हे तुम्ही फार नेमकं मांडलंत. मी मुलांना पूर बघा असं सांगते पण गाळाचा मुद्दा या भाषेत सांगितला नव्हता. या डिसेंबरात तुमचं वाक्य वापरणार, तुमची परवानगी गृहीत धरते.

पलीकडची :

मी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात राहते, माहेर जुन्नर तालुक्यातलं. इथे आल्यावर पहिल्यांदा कोलंबिया नदीची घळ बघायला गेलो तेव्हा मी नवऱ्याला म्हणाले हे तर आपलं नाणेघाट आहे. तेच काळे थर, तसेच पायऱ्यापायऱ्यांचे कडे. नंतर कळलं की इथलाही खडक तसाच भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचा आहे, फक्त वयाने बराच लहान, साधारण १ कोटी ६०-७० लाख वर्षांचा.

इथल्या पूर्व भागात कोरड्या माळावर प्रचंड खळगे आहेत, काहींत तर तळी झालीत, आणि आसपास मोठी नदी नाही. हार्लन ब्रेट्झ नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये सांगितलं की हे एका महापुराने केलंय. लोकांनी त्याला उडवून लावलं, इतका मोठा पूर येणार कुठून. पुढे कळलं की हिमयुगात बर्फाच्या भिंतीमागे एक अवाढव्य सरोवर तुंबलेलं होतं, ती भिंत पुन्हा पुन्हा फुटायची आणि दर वेळी सगळं पाणी एकदम या बेसाल्टवरून धावायचं. साधारण पंधरा-अठरा हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या माणसाला १९७९ मध्ये भूशास्त्रातलं मोठं पदक मिळालं तेव्हा तो नव्वदी ओलांडून बराच पुढे गेला होता. एवढं आयुष्य त्याने आपलं म्हणणं सोडलं नाही याचं मला फार कौतुक वाटतं.

खडक एकाच जातीचा, हत्यार तेच, पण इथे काही दिवसांचा राक्षसी पूर आणि आपल्याकडे लाखो पावसाळ्यांची चिकाटी. मला आपली कुकडी जास्त जवळची वाटते, त्यात माहेरचा भाग असेलही.

जुन्नरी :

पलीकडची ताई, जुन्नर तालुका म्हटल्यावर राहवलं नाही. या धाग्यावर सगळे निघोजबद्दल बोलतायत पण कुकडीची गोष्ट वर सुरू होते. चावंड किल्ल्याच्या पायथ्याला पूर गाव, तिथलं कुकडेश्वराचं देऊळ हा उगम मानतात. देवळावरची शिल्पं बघाच कधीतरी. तिथून नाणेघाट हाकेच्या अंतरावर, आणि नाणेघाटाच्या तोंडाशी जकातीचा दगडी रांजण अजून आहे. म्हणजे उगमाजवळ माणसाने सातवाहनांच्या काळात कातळातून रांजण घडवला आणि खाली निघोजला नदीने. जुन्नरच्या डोंगरांत लेणी कोरणाऱ्यांनीही हाच खडक वाचला होता, कुठला थर एकसंध, कुठला ठिसूळ, हे कळल्याशिवाय छत टिकलं नसतं.

आणि आता जी गोष्ट सांगतो ती आमच्या तालुक्यातल्याही फार लोकांना माहीत नाही. कुकडीकाठी बोरी गाव आहे. तिथे नदीच्या काठात, मातीच्या थरांत, पांढुरक्या राखेचा पट्टा सापडला. १९८० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यावर काम सुरू केलं. ही राख आपल्या लाव्हाची नाही, आपले ज्वालामुखी ६ कोटी वर्षांपूर्वीच शांत झाले. ही आली सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, हवेतून, समुद्र ओलांडून! ती नेमकी कधीची यावर तज्ज्ञांत मोठा वाद झाला, काही म्हणतात टोबाच्या साधारण ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची, काही म्हणतात त्याच टोबाच्या त्याहून कितीतरी आधीच्या, काही लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची. आणि त्याच ठिकाणी आदिमानवाच्या दगडी कुऱ्हाडीही मिळाल्यात. त्या पण याच काळ्या दगडाच्या.

मी लहानपणी त्या काठावर गुरं घेऊन बसायचो, राख हातात घेऊन फुंकायचो, पिठासारखी उडायची. काय होतं ते कॉलेजात गेल्यावर समजलं.

चालतीवाट :

जुन्नरी दादा, हे वाचून मी पंधरा मिनिटं नुसता बसून राहिलो. मग यावरून घळीचं वय कळतं का? म्हणजे राख जर नदीच्या काठात सापडली तर नदी राखेच्या आधीपासून तिथे होती, बरोबर ना?

खडकवेडी :

बरोबर विचार केलात. राख नदीच्या गाळात सापडली म्हणजे त्या वेळी खोरं होतं, नदी वाहत होती, गाळ साठत होता. तेव्हा कुकडीचं खोरं त्या राखेपेक्षा जुनं, यात वाद नाही. पण निघोजची आतली चिंचोळी घळ त्या खोऱ्याच्या तळात नंतर कापलेली आहे, तिचं वय त्यावरून ठरत नाही. लेकीला सांगताना तीन वेगळी घड्याळं सांगा. खडक कोट्यवधी वर्षांचा, खोरं लाखो वर्षांचं, आणि घळ त्याच्याही नंतरची. मुलं बऱ्याचदा परीक्षेत लिहून येतात की रांजणखळगे ६ कोटी वर्षांपूर्वी तयार झाले, तिथेच गल्लत होते.

सह्यभटक :

ताई, माझं म्हणणं मागे घेतो. आमच्या ग्रुपवर तुमचा प्रतिसाद तुमच्या नावासकट पाठवला, चालेल ना? त्या लीडरलाही पाठवला, त्याने लगेच फोन करून विचारलं की मग सांदण दरी पण अशीच का.

खडकवेडी :

अवश्य पाठवा. सांदण वेगळी. तिथे मुळात खडकाला पडलेली लांबच लांब उभी भेग आहे, पाण्याने ती रुंद केली. म्हणून तिच्या भिंती सरळसोट आणि कोनाकोनाच्या आहेत, निघोजसारख्या गोल फिरलेल्या नाहीत. पुढच्या वेळी हात लावून बघा, बोटांनाच फरक कळेल.

निळीशाई :

एक काळजीचं लिहू का. फोटो बघितले तर लोक अगदी काठावर बसून सेल्फी काढतायत. इंद्रायणीवर कुंडमळ्याला पण असेच खळगे आहेत, तिथे १५ जून २०२५ ला जुना लोखंडी पूल पडून चार माणसं गेली. माझ्या ऑफिसमधल्या एकाचे शेजारी त्या दिवशी तिथे होते, ते वाचले. तेव्हापासून अशा जागांचं नाव काढलं की पोटात गोळा येतो.

टाकळीचाभाचा :

ताई, काळजी रास्त आहे. कुंडावर आमच्याकडच्याही काही घरांनी माणसं गमावलीत, त्यांची नावं इथे नको. वरून पाणी शांत दिसतं पण आतल्या आत एका कुंडातून दुसऱ्या कुंडात वाटा आहेत. पोहणाऱ्यालाही तिथे काही करता येत नाही कारण धरायला काठ नाही, सगळं गुळगुळीत. ज्या गुळगुळीतपणाचं वर सगळे कौतुक करतायत तोच माणसाला वर येऊ देत नाही. त्यामुळे येणाऱ्यांना हात जोडून सांगतो, शेवाळ असेल तिथे पाय नको, लहान मुलांचा हात सोडू नका, पाण्यात तर उतरूच नका. आणि धरणातून पाणी सोडलंय का हे गावात विचारल्याशिवाय पात्रात जाऊ नका, इथे आभाळ कोरडं असतं आणि वरून पाणी आलेलं असतं.

पाटबंधारेवाला :

शेवटचं वाक्य सगळ्यांनी दोनदा वाचा. उन्हाळ्यात कालव्याचं आवर्तन वेगळं आणि नदीत सोडलेलं पाणी वेगळं, पण बाहेरून येणाऱ्याला ते कळत नाही. गावातल्या माणसाला विचारणं हाच खरा उपाय.

चालतीवाट :

सगळ्यांचे मनापासून आभार. आता एक गोष्ट सांगायची राहिलीये, ती पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती कारण तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आमच्या धाकट्याने घळीच्या कडेच्या एका कोरड्या खळग्यातून एक गोटा उचलून आणलाय. साधारण नारळाएवढा, काळा, एका बाजूला गारगोटीची पांढरी शीर. एवढा गोल की फरशीवर ठेवला तर गडगडत सोफ्याखाली जातो. आठवडाभर तो त्याच्याशी खेळतोय, नाव पण ठेवलंय.

काल हे सगळे प्रतिसाद मी दोघांना बसून मोठ्याने वाचून दाखवले. देवी दळतीये पर्यंत आलो तेव्हा पोरगा उठून गोटा घेऊन आला आणि विचारलं, मग आता त्या खड्ड्यात फिरायला कोण आहे? मी म्हटलं दुसरे गोटे असतील. तर पाटबंधारेवाले काकांचा प्रतिसाद परत वाचायला लावला, आणि म्हणाला वरून नवीन येत नाहीत असं लिहिलंय ना.

त्यामुळे पुढच्या रविवारी परत चाललोय. टाकळीचाभाचा काका, ज्या खळग्यातून उचलला तो मला ओळखता येईल की नाही शंका आहे. देवळाच्या बाजूने उतरलं की उजव्या हाताला, दोन खळग्यांमध्ये खिडकी आहे, त्याच्या वरचा. तुम्ही त्या दिवशी गावात असाल का?

खडकवेडी :

त्या छोट्याला माझा नमस्कार सांगा. आणि जाण्याआधी गोट्याचं वजन करून ठेवा, चारही बाजूंनी पट्टी लावून फोटो काढा. एकदोन पावसाळ्यांनी तोच गोटा परत सापडला तर काय झालं असेल ते मोजता येईल. पांढऱ्या शिरेवरून ओळखू येईल. मी गंभीरपणे सांगतेय, असा प्रयोग मला मुलांबरोबर करायचाय.

पाटबंधारेवाला :

मोठा पूर आला तर तो गोटा उडून पुढच्या कुंडात जाईल, हे धरून चला. त्यामुळे खालच्या दोनचार खळग्यांतही शोधावा लागेल.

टाकळीचाभाचा :

रविवारी मामाकडेच आहे. खिडकीच्या वरचा म्हणताय तो मला माहितीये, लहानपणी आम्ही त्यात चिंचा लपवायचो. दहापर्यंत या, नंतर कातळ तापतो. जेवण मामाकडे, मामींना सांगून ठेवलंय, बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं शेंगोळं, नाही म्हणू नका.

आणि पोराला सांगा, पावसाळ्यात नदी चढली की मी रात्री फोन लावीन आणि मामांच्या ओसरीवर धरून ठेवीन. आवाज आला तर त्याचा गोटा त्यात आहे असं समजायचं.